भिकामास्तरांची दुसरी बाजू

भिकामास्तर कुठंही बसले तरी त्यांचे पाय चालू असायचे. खुर्चीवर बसले की खाली डावा, उजवा, डावा, उजवा. पंगतीत मांडी घालून बसवलं तर गुडघे हलायचे आणि शेजारच्याची आमटी सांडायची. शिवणयंत्रावरचा शिंपी कापड संपलं की थांबतो. मास्तरांचं कापड संपतच नव्हतं.

त्याला कारण होतं. ह्या माणसानं उभा जन्म संगीत नाटकांच्या कंपन्यांत ऑर्गन वाजवण्यात घालवला. ऑर्गन म्हणजे आपला नाटकातला: कपाटाएवढा, स्टेजच्या पुढं ठेवलेला, खाली दोन फळ्या. पायानं फळ्या दाबून भाता मारायचा आणि हातानं सूर धरायचे. पाय थांबले की हवा संपली, आणि हवा संपली की वर गाणाऱ्या नायकाच्या पायाखालची सतरंजी गेली. त्यामुळं मास्तरांच्या पायांना कायमची धास्ती बसली होती की आपण थांबलो तर कुठंतरी कोणीतरी बेसूर होईल. लोक तसेही होतच होते, पण ते मास्तरांना कोण सांगणार.

हे आत्ता लिहायचं कारण आमच्या सूनबाई. इंदू, म्हणजे माझी बायको, गेली आणि दिवसपाणी उरकल्यावर सूनबाईंनी तिचं कपाट आवरायला घेतलं. साड्यांच्या तळाशी, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक काळी तबकडी निघाली. वरचं पुठ्ठ्याचं पाकीट वाळवीनं अर्धं खाल्लेलं. "बाबा, हे भंगारात देऊ का?" मी म्हणालो, द्या, आणि मलाही त्याच गाडीवर बसवा, दोघांचं वजन एकदम होईल. सूनबाई पदवीधर आहेत. त्यांनी तबकडी गुपचूप जागेवर ठेवली आणि मला साखर कमी घालून चहा दिला. मी चौथी पास, तोही घोटीच्या गुरुजींना दया आली म्हणून. तेव्हा ह्यात शुद्धलेखन शोधू नका. सापडलंच तर ते माझं नाही.

तर मास्तर. नाशकात भद्रकालीच्या मागच्या गल्लीत माझी पिठाची गिरणी आणि तिच्या मागं आमचं बिऱ्हाड. शेजारच्या खोलीत भाडेकरू टिकत नव्हता, कारण तिथं पीठ आणि आवाज दिवसभर फुकट मिळायचा. नाटक कंपन्या एकेक करून बुडाल्या तेव्हा मास्तर आपला ऑर्गन घेऊन त्या खोलीत आले. अर्धी खोली ऑर्गननं घेतली. लग्न केलेलं नव्हतं. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, दुसरं काही ठेवायला जागाच नाही. पोटापुरतं चालायचं. बाजाच्या पेट्या दुरुस्त करायच्या, हौशी मंडळींच्या नाटकाला साथ करायची, शाळेच्या गॅदरिंगला मुलींच्या नाचामागं बसायचं.

डोक्यावर काळी टोपी, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि जगातल्या प्रत्येक आवाजाला सूर लावायची खोड. माझी गिरणी म्हणे पेटीच्या काळी दोन पट्टीत बोलायची, आणि ओला गहू पडला की पांढरी दोनवर उतरायची. भिंतीपलीकडून ओरडायचे, "गिरणीवाले, गहू ओला आहे." गिऱ्हाईक माझ्याकडं संशयानं बघायचं. मी डब्यात हात घालायचो, तर गहू खडखडीत कोरडा. बहुतेक वेळा मास्तर चुकायचे. चुकून कधी खरं निघालं की ते मात्र पार पंचवटीपर्यंत सांगून यायचे.

पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराची गोष्ट असेल. बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, जुनंपानं सामान घेऊन लोक बसतात. देवळाली कॅम्पातल्या कुठल्या तरी बंगल्याचं सामान निघालं होतं: फुटके कप, टेनिसची बॅट, आणि त्यात ही तबकडी. इंग्रजी मास्तरांना अक्षरं जुळवून यायचं. पाकिटावर त्यांनी एकेक अक्षर बोटानं दाबत वाचलं. ओ, आर, जी, ए, एन. खाली यू, एस, ए. झालं. अमेरिकेतसुद्धा कोणीतरी नाट्यसंगीत वाजवतो अशी त्यांची खात्री पटली, आणि तबकडी उराशी धरून घरी आले. वाजवायचं यंत्र नव्हतंच. नाल सापडली म्हणून घोडा घ्यावा, तसा मग कुठून तरी जुना रेकॉर्ड प्लेअर आणला.

पहिल्या दिवशी संध्याकाळी गिरणी बंद झाल्यावर त्यांनी मला आणि इंदूला बोलावलं. ऑर्गनला हार, यंत्राला उदबत्ती. सुरुवातीला नांदी असेल, मधे बोलू नका, अशी ताकीद दिली आणि सुई ठेवली.

निघालं ते काही नांदी नव्हतं. मला वाटलं यंत्राचा पट्टा सरकला. पट्ट्यांचं मला कळतं. मास्तरांनी सुई उचलली, फुंकर मारली, परत ठेवली. परत तेच. जाड, ओला, गरम आवाज, आणि सरळ येत नव्हता. गोल फिरत यायचा, जात्यात दाणा फिरतो तसा, दर फेऱ्याला थोडा बारीक होत. वरनं गिटारवाला टिचक्या मारत होता, आणि मागं ड्रमवाला इतका निवांत की त्याला जन्मात कुठली बस पकडायची नसावी. ह्याला ऑर्गन म्हणत असतील तर आमच्या नाटकातला ऑर्गन म्हणजे सोवळ्यातली आजी, आणि हा तिचा दारू प्यायलेला भाऊ. मी तसं बोललोही. उदबत्ती विझली तरी मास्तर तसेच बसले होते.

इंदूनं मला कोपरानं ढोसलं आणि खाली बघायला लावलं. मास्तरांचे पाय थांबले होते.

पुढं कित्येक दिवस मास्तर एकाच प्रश्नानं पछाडले होते. पाकिटावर फोटो होता, त्यात तिघंच जण. तिघंही काळे, कोट घातलेले. एक ऑर्गनवर, एक गिटार घेऊन, एक ड्रमच्या मागं. मग तो खालचा, पोटात बसणारा घुमारा कोण वाजवतो? चौथा कुठाय? मी म्हणालो, फोटो काढायच्या वेळी लघवीला गेला असेल. मास्तर पाकीट उन्हात धरून बघायचे, आरशात धरून बघायचे. एक दिवस गिरणीत धावत आले. टोपी नव्हती, म्हणजे गोष्ट गंभीर होती. ऑर्गनवाल्याच्या पायांत बूट नाहीत, म्हणाले. बाकाखाली बूट काढून ठेवलेत आणि मोजे घालून खालच्या लाकडी पट्ट्यांवर पाय ठेवलेत. भाता मारायला बूट काढावे लागत नाहीत. "गिरणीवाले, चौथा माणूस म्हणजे त्याचे पाय. हा पायांनी वाजवतो."

गिरणीत तेव्हा बाजरीचं दळण होतं. गिऱ्हाईक बाई म्हणाली, बरं झालं सापडला, पीठ जरा बारीक काढा.

त्या दिवसापासून तबकडी लागली की मास्तर चपला काढून ठेवायचे आणि पाय स्थिर. मी विचारलं तर म्हणाले, तिथं दुसऱ्याचे पाय कामावर आहेत, आपण कशाला मधे लुडबुड करा. बाकी वेळ पाय सुरूच. चाळीस वर्षं हवा भरली, म्हणायचे, आणि तिकडं हा माणूस त्याच पायांनी गातो.

आता मास्तरांच्या शहाणपणाबद्दल. तबकडीला दोन बाजू असतात हे मलाही ठाऊक आहे. मास्तरांनी ठरवून टाकलं की पहिली बाजू दुसऱ्या कुणासोबत सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून झाल्याशिवाय दुसरी लावायचीच नाही. स्वतःसुद्धा ऐकायची नाही. शिल्लक ठेवायची. त्यांचं म्हणणं असं की एकट्यानं ऐकलेलं गाणं झालं की नाही ह्याला साक्षीदार नसतो. काही लोक बायकोसाठी अडून बसतात, मास्तर श्रोत्यासाठी बसले. मी आणि इंदू पहिल्या दिवशी होतो, पण आम्ही धरले गेलो नाही, कारण मी मधे बोललो आणि इंदूचं दूध उतू गेलं होतं.

मग सुरू झालं. गल्लीतून जाणारा पोस्टमन असो की पेटी दुरुस्तीला आणणारा भजनी असो, मास्तर दारातच धरायचे. "एक बाजू ऐका. उठू नका." दिवसा गिरणी चालू, तेव्हा काही ऐकू यायचं नाही. लाईट गेली की गिरणी बंद, गल्ली शांत, आणि मास्तरांचं यंत्रही बंद. ह्या योगावर ते फार चिडायचे, जशी काही वीज मीच नेली. राहिली संध्याकाळ. तेव्हा लोक यायचे, पण चहा संपला की चपला शोधायचे. बाजू संपल्यावर मास्तरांचा एक प्रश्न ठरलेला: मधे एक जण 'हं' म्हणतो, तो कुठं? उत्तर कधी कुणाला आलं नाही. बाजू संपेपर्यंत कोणी उरतच नव्हतं.

नाट्यसंगीताचे रसिक म्हणवणारं एक मंडळ होतं. त्यांचे अध्यक्ष एक वकील. मास्तरांनी त्यांना अमेरिकेतला ऑर्गन ऐकायला म्हणून बोलावलं. शाल पांघरून आले, मांडीवर हात ठेवून डोळे मिटले. सुई टेकल्यावर डोळे उघडले ते पुन्हा मिटले नाहीत. पहिलं गाणं संपायच्या आत उठले. मास्तर आडवे आले. "वकीलसाहेब, कोर्टात तुम्ही दोन्ही बाजू ऐकता. इथं एक तर ऐका."

"कोर्टात ऐकायचे पैसे मिळतात, मास्तर."

गेले. पण छत्री विसरले. तिच्यासाठी परत आले तोवर मास्तरांनी सुई उचलून पुन्हा कडेला ठेवली होती. म्हणाले, बसा, पहिल्यापासून लावतो. वकिलांची ती छत्री मास्तरांकडं कायमची राहिली. चांगली होती, लाकडी मुठीची.

दुसरा प्रकार नाटकातला. हौशी मंडळींनी एक जुनं पौराणिक बसवलं होतं. नायक बँकेत कारकून. तिसऱ्या अंकात तो नायिकेचा निरोप घेतो आणि घेतच राहतो. तेवढ्या वेळात दुसरा कोणी दोनदा घर सोडून गेला असता. प्रेक्षक गाढ. पद संपता संपता मास्तरांचा डावा हात घसरला. म्हणजे ते घसरला म्हणत, मी स्वतः हजर होतो, तो हात सरळ चालत गेला. तबकडीतला तोच जाड ठेका. तबल्यावर युसूफ नावाचा एक गोड माणूस होता, त्याला कुणी खुणावलं की नाही म्हणणं माहीतच नव्हतं. त्यानं उचलला. नायक डोळ्यांत पाणी आणून ताना घेत होता, आणि खाली त्याचे खांदे वेगळंच काहीतरी करायला लागले. लोक जागे झाले. मागून शिट्टी आली. नायिकेनं निरोपाच्या ऐन वेळी पदर तोंडात कोंबला.

पडदा पडल्यावर दिग्दर्शकानं मास्तरांना जे सुनावलं त्यातलं छापण्याजोगं एवढंच की पुन्हा येऊ नका. घरी परतताना मास्तर मेन रोडनं माझ्या पुढं चालत होते. वळून म्हणाले, "पब्लिक जागं केलं हा गुन्हा." त्यानंतर त्यांना नाटकाला कोणी बोलावलं नाही. पेट्याही कमी झाल्या. त्या मेन रोडवरच तबकड्यांचं एक दुकान होतं. तिथं जाऊन त्या ऑर्गनवाल्याची दुसरी तबकडी आहे का विचारून आले, तर दुकानदार म्हणाला, असा कोणी माणूसच नाही. मला वाटलं खचतील. उलट खूश होऊन आले. "तिकडंही कोणी ओळखत नसणार त्याला," म्हणाले, आणि पाकीट माझ्या पुढ्यात धरलं, जणू त्यांच्या गावचा कोणी भेटला.

मग एका दुपारी दारात येऊन मला विचारलं, "आज गिरणी बंद का?"

पट्टा डोळ्यांसमोर सणसणत होता. मी हसलो. म्हटलं माझ्या शेजारी राहून मास्तर टोमणा मारायला शिकले. दुसऱ्या दिवशी परत तेच विचारलं, आणि मी हसलो नाही.

डॉक्टर म्हणाले, आतली शीर सुकत चालली आहे, कान कधी चालतील कधी नाही, उपाय नाही. गल्लीनं लगेच निकाल दिला की गिरणीनं म्हाताऱ्याचे कान खाल्ले. मास्तरांना ते खपलं नाही. गिरणीला नावं ठेवू नका, म्हणाले, आयुष्यभर गाणाऱ्या नायकांच्या पायाशी बसलो, कान त्यांनी खाल्ले, गिरणीनं नुसता हात धुतला. हे हसून बोलले. पण त्याच संध्याकाळी ओट्यावर बसून इंदूला म्हणाले, "वहिनी, पहिली बाजू माझी पाठ आहे. दुसरी अजून ऐकायची आहे हो."

इंदू म्हणाली, मग लावा की. एकटे ऐका. कोण बघतंय?

मास्तरांनी मान हलवली. पाय चालू होते. असला हटवादीपणा मी फक्त खेचरांत पाहिला आहे.

आता गिरणीची एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दळून दळून गिरणीचे दगड गुळगुळीत होतात. मग वरचा दगड उलटा करून छिन्नी-हातोडीनं त्याला पुन्हा खरखरीत करावं लागतं. ह्याला टाकी लावणं म्हणतात. तेवढा दिवस गिरणी बंद आणि लाईट मात्र चालू. मास्तरांच्या पत्रिकेत दिवसाढवळ्या असा योग तेवढा एकच. त्या टाकीच्या दिवशी इंदू मास्तरांच्या उंबऱ्यात गहू निवडायला बसली. रसिक म्हणून नव्हे. आमच्याकडं दगडाची धूळ उडत होती म्हणून. मांडीवर सूप, सुपात गहू, पुढ्यात पोतं. उठायची सोयच नव्हती. मास्तरांनी संधी साधली.

मी इकडं दगडावर टाकी मारत होतो. मधेच मास्तर माझ्याकडं डोकावले. चेहरा फुललेला.

"तुम्ही बरोबर समेवर मारताय."

"मी दगडावर मारतोय."

बाजू संपली. सुई खरखरायला लागली. मास्तरांनी सवयीनं विचारलं, उत्तराची काही आशा नव्हती. एक जण 'हं' म्हणतो, तो कुठं?

इंदू खडा बाजूला टाकत म्हणाली, "तिसऱ्या गाण्यात. पेटीवाला थांबतो, ड्रमवाला एकटा राहतो, तिथं. पण पेटीवाला नाही म्हणत. गिटारवाला म्हणतो. त्याचं चुकलं म्हणून. चुकल्यावर आमचे हे पण असंच 'हं' करतात."

माझी छिन्नी थांबली. मास्तर खाली बसले. इतकी वर्षं ते त्या 'हं'ला दाद समजत होते. मग त्यांनी भीत भीत विचारलं, बाकी कसं वाटलं?

"बरं शे."

इंदू नामपूरची. लग्न होऊन आल्यावर इथल्या बायकांनी हसून हसून तिची अहिराणी सोडवली होती. पण एखादी गोष्ट आतून पटली की तिच्या तोंडून 'आहे'च्या जागी 'शे' निसटायचं. माझ्या वाट्याला ते फार थोडं आलं. मास्तरांना ते माहीत होतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग उठले, तबकडी दोन्ही हातांनी उचलली, उलटली, यंत्रावर ठेवली.

आणि लाईट गेली.

गेली ती गेली, आली तेव्हा अशी उसळून आली की गल्लीतले दोन बल्ब फुटले आणि मास्तरांच्या यंत्रातून जळका वास आला. मोटार गेली. दुरुस्तीवाला म्हणाला, पार्ट मुंबईहून येईल, उद्या या. मास्तर उद्या गेले. दुरुस्तीवाल्यांचा उद्या कसा असतो तुम्हाला माहीत आहे. एक दिवाळी आली आणि गेली, आणि तेवढ्यात मास्तरांच्या कानांतलं उरलंसुरलं गेलं. गिरणी चालू आहे की बंद हे ते भिंतीला तळहात लावून ओळखायचे. तरी सूर सांगायचे. काळी दोन. आता त्यांना चूक म्हणायला माझं मन होत नव्हतं, म्हणून मी म्हणायचो, तुमचं डोकं काळी दोन. ते ओठांवरून ओळखून हसायचे.

दुसऱ्या दिवाळीला यंत्र आलं. कधी आलं, तर वसुबारसेच्या सकाळी. गिरणीवाल्याला दिवाळी म्हणजे काय ते दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. चकलीच्या भाजणीचे डबे दारापासून पार कोपऱ्यापर्यंत रांगेत, प्रत्येक डब्यामागं एक बाई, आणि प्रत्येकीला आधीच उशीर झालेला. मास्तर त्या रांगेतून आत आले, काखेत तबकडी, डोक्याला टोपी नाही. माझ्याकडं पाहिलंही नाही.

"वहिनी, यंत्र आलं. तुम्ही ऐका. मी जवळ बसतो."

इंदू डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावत होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. मग भिंतीकडं पाहिलं. गिरणी चालू असताना भिंतीपलीकडं काय ऐकू येणार? मग माझ्याकडं वळली.

"पट्टा उतरवा."

मी रांगेकडं बोट दाखवलं. दिवाळी आहे म्हणालो, आणि हा म्हातारा बहिरा आहे, त्याला काय फरक पडतो, असंही म्हणालो. तोवर ती मास्तरांच्या मागून निघूनही गेली होती. ह्या बाईनं संसारात माझ्याशी हुज्जत अशी कधी घातली नाही. सांगायची आणि निघून जायची. मी पट्टा उतरवला.

गिरणी थांबल्यावर जी शांतता पडते तिच्यात आधी कानच वाजतात. मग बायका वाजल्या. एक मास्तरीणबाई होत्या, त्या सगळ्यांच्या वतीनं बोलल्या. "अहो, आमच्या चकलीचं काय?" मी म्हणालो, चकली गोल, तबकडी गोल, एक होऊ द्या मग दुसरी. त्या रागानं निघणार होत्या, पण त्यांची भाजणी अर्धी दगडात होती. सगळ्याच अडकल्या होत्या. मास्तरांनी जन्मभर शोधलेला श्रोता हा. उठून जाऊ न शकणारा.

आणि लागली दुसरी बाजू. मास्तरांना आवाज कळत नव्हता, त्यामुळं बटण पार शेवटापर्यंत फिरवलेलं. अख्ख्या गल्लीला ऐकू गेली.

मला गाण्यातलं कळत नाही. दगडातलं कळतं. ती बाजू सुरू झाली ती अगदी हळू, जसा नवा टाकी लावलेला दगड पहिल्या मुठीला अडखळतो. मग खालून त्याचे पाय आले. त्या पायांवर हात बसले, गिटार बसली, आणि सगळं मिळून जड, सावकाश फिरायला लागलं. मधे एक लांबलचक गाणं होतं, त्यात ऑर्गनवाला एकच सूर धरून बसला. सोडेचना. आता सोडेल, मग सोडेल, असं वाटतंय, आणि खाली पाय मात्र चालतच आहेत. रांगेतली एक बाई आपल्या डब्याच्या झाकणावर बोटं वाजवत होती, तिचं तिलाच माहीत नव्हतं. मास्तरीणबाई रागावलेल्याच होत्या, पण त्यांचा राग तालात हलत होता. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. हे नाशिक आहे. पण बाजू संपून सुई खरखरायला लागली तरी काही वेळ कुणी चकलीचं नाव काढलं नाही. मग कोणीतरी म्हणालं, संपलं का? लावा आता गिरणी. मी पट्टा चढवला.

भाऊबिजेनंतर मास्तरांचा भाचा आला आणि त्यांना लासलगावला घेऊन गेला. ऑर्गन त्याच्या ट्रकमध्ये रिकाम्या कांद्याच्या गोण्यांवर आडवा घातला होता. तबकडी मास्तरांनी इंदूला दिली. पुढं तिकडंच गेले. आम्हाला उशिरा कळलं.

तबकडी आता माझ्यापुढं आहे. यंत्र मिळेल, मुलगा म्हणतो आणून देतो. सूनबाईंना तर जुन्या वस्तू आता आवडायला लागल्यात, कुठल्या मासिकात वाचलं म्हणे. आणा म्हणतो मी. माझे कान शाबूत आहेत. नुसते कान घेऊन करायचं काय, तो प्रश्न वेगळा. आमच्या घरी सांगणारी ती होती.

कारण मास्तर म्हटलं की मला ट्रकमधले मास्तर आठवत नाहीत. मला आठवतं ते पट्टा चढवल्यानंतरचं. मधल्या दारातून त्यांची खोली दिसायची. दुसरी बाजू वाजत होती तेव्हा मास्तर यंत्राच्या झाकणावर तळहात ठेवून बसले होते आणि पाय चालू होते, डावा, उजवा. त्यांच्यासाठी तिथं काहीच वाजत नव्हतं. मग इंदू त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि सांगायला लागली. गिरणीच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. भाजणीच्या पिठानं पांढरे झालेले तिचे हात मात्र दिसत होते. एक हात सावकाश गोल फिरवायची, दुसऱ्यानं जमिनीवर थाप द्यायची. एकदा हात हवेत धरला आणि धरूनच ठेवला. मास्तर तोंड उघडं टाकून त्या हाताकडं बघत राहिले. ती बाजू वाजायला जेवढा लागला त्याहून जास्त वेळ ती सांगत होती. मीही तेच ऐकलं होतं, मला चार वाक्यं सुचली नसती. मधेच तिनं ओठ मिटून मान झटकली. ते 'हं' होतं, ते मी ओळखलं, माझंच होतं ते. दोघंही हसले.

रात्री मी विचारलं, एवढं काय सांगत होतीस त्यांना? म्हणाली, "तुम्ही होता ना तिथं. कान होते ना?"

पण ते रात्रीचं. तिथं गिरणीत रांगेतल्या मास्तरीणबाई माझ्यावर ओरडल्या तेव्हा मी भानावर आलो. पीठ सांडत होतं. डबा सरळ करता करता मी परत एकदा तिकडं पाहिलं. इंदूचा हात अजून गोल फिरत होता. मास्तरांनी चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या, आणि त्यांचे पाय थांबले होते.